बाहीवरचे बिल्ले

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन लोहाऱ्याला आलो, तर पहिल्याच आठवड्यात लोकांनी मला मेजर करून टाकलं. आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. त्यात माझी नोकरीची शेवटची वर्षं आमच्या पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या छोट्या संग्रहालयात गेलेली. कुठल्या लढाईत कुठल्या तुकडीच्या बाहीवर कसला कापडी बिल्ला होता, ते तिथल्या काचा पुसता पुसता पाठ झालं. हे मी एकदा बशीरभाईच्या टेलरिंगच्या दुकानात सहज बोलून गेलो. तेव्हापासून लोक ट्रंकेच्या तळातले बिल्ले घेऊन तिथंच येतात. मशीनवर बशीरभाई, बाकड्यावर मी आणि फौजेत ट्रक चालवलेले तात्या, असे आम्ही तिघं बसलेलोच असतो. बिल्ला ओळखायला मिनिटभर लागतं, पण आणणारा माणूस तासभर हलत नाही. किस्से साठतात ते त्या तासाभरात.

*

माकणीचा एक जण बिल्ला घेऊन आला. हिरवं कापड आणि त्यावर काळा इस्पिक एक्का. कुणाला दिसू नये म्हणून त्यानं तो रुमालात गुंडाळून आणला होता.

"मेजर, आमचा पंजोबा मोठ्या लढाईत गेलता. पर तिथं नुसता जुगार खेळला म्हणत्यात. हे बगा, ट्रंकेत एक्का घावला."

मी त्याला समजावून सांगितलं. ती एका डिव्हिजनची, म्हणजे हजारो जवानांच्या मोठ्या तुकडीची, खूण होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढलेल्या त्या सगळ्या डिव्हिजनच्या बाहीवर हाच एक्का होता. पंजोबानं तो लावला नव्हता, सरकारनं शिवून दिला होता.

त्यानं रुमाल खिशात घातला आणि एक्का तसाच उघडा हातात धरला. मग म्हणाला, "आमची पंजी मरेस्तवर त्याच्याशी धड बोलली न्हाय. घरात आजून पत्त्याला कुणी हात लावत न्हाय."

तात्या म्हणाले, "अरे, मग पंजोबानं सांगितलं कसं न्हाय?"

"सांगितलं की. पर जुगाऱ्याचं कोण खरं मानतंय?"

*

तात्यांची नजर आता अधू झाली आहे, पण वर्दी दिसली की ते थांबतात. तुळजापूरला दर्शनाला गेलो होतो, तेव्हा एका लॉजच्या दारात वॉचमन बसला होता. अंगात जाड जाकीट आणि बाहीवर कुठल्याशा परदेशी छत्रीधारी पलटणीचा बिल्ला. पंख, छत्री, सगळं झोकात. जाकीट सोलापूरच्या बाजारातलं, हे मला लांबूनच कळलं. तात्यांना नाही.

ते त्याच्यासमोर ताठ उभे राहिले. "पॅराशूटमधनं किती वर्षं उड्या मारल्या?"

वॉचमन गडबडून उठला. "काका, मला गच्चीवर गेलं तरी चक्कर येती. म्हणून तर मालकानं खाली बसवलंय."

तात्या दर्शनाच्या रांगेत शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

*

पंधरा ऑगस्टला एका शाळेला जवानांचा नाच बसवायचा होता. हेडमास्तर बशीरभाईला म्हणाले, कपडे अस्सल पाहिजेत, बिल्ल्यासकट. मी तेव्हा पुण्याला मुलीकडं गेलेलो. बशीरभाईनं मोबाइलवर बघून एक देखणा बिल्ला निवडला आणि सगळ्या पोरांच्या बाहीवर हौसेनं भरतकाम केलं.

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी मी परत आलो. बिल्ला बघितला आणि खाली बसलो. तो एका परदेशी फौजेतल्या जनावरांच्या डॉक्टरांचा होता. लढाईत घोडे आणि खेचरं सांभाळायचं त्यांचं काम.

बशीरभाईचा चेहरा उतरला. "या अल्ला, सगळं उसवावं लागंल."

आम्ही दोघं हेडमास्तरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर पटांगणात तालीम चालू होती, म्हणजे पोरं एकमेकांच्या अंगावर चढत होती. मास्तरांनी खिडकीतून एकदा तिकडं बघितलं.

"उसवू नका," ते म्हणाले. "एक मला बी करून द्या."

*

शेजारच्या एका गावानं आपल्या गावच्या जुन्या शिपायाचा पुतळा बसवायचं ठरवलं. मोठ्या युद्धात लढलेला माणूस. घरच्यांनी त्याचा बिल्ला जपला होता. पिवळ्या कापडावर काळं मांजर, शेपूट वर केलेलं. मी सांगितलं, अगदी खरी खूण आहे, पुतळ्याच्या बाहीवर अशीच कोरा.

ग्रामसभेत त्यावरून दुपार गेली. वेशीत पुतळा बसणार. लग्नाची वऱ्हाडं तिथनं जाणार, पेरणीला बैल तिथनं निघणार, आणि रोज सगळ्यांना काळं मांजर आडवं? मी म्हणालो, "अहो, त्या मांजराला शत्रू भीत होता."

एक म्हातारा म्हणाला, "मग? आमीबी भेतोच की."

शेवटी वाघ कोरला. पुतळा चांगला झाला. उद्घाटनाला एक रिटायर्ड कर्नल आले होते. त्यांनी हार घालताना खालच्या पाटीवरचं डिव्हिजनचं नाव वाचलं, बाही निरखली, चष्मा पुसला, पुन्हा निरखली. सरपंचांना म्हणाले, "या डिव्हिजनचं तर मांजर होतं ना?"

सरपंचांनी हात जोडले. "तेच हाय साहेब. आता मोठं झालंय."

*

सास्तूरची एक म्हातारी मावशी परवा दुकानात आली. सोबत कुणी नव्हतं, एसटीनं एकटीच आली होती. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत होता, हे तात्यांना माहीत होतं. तो वारल्यालाही बरीच वर्षं झाली. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि डब्यातून बिल्ला. त्यावर हळदी-कुंकवाचे इतके थर होते, की खालचा रंग दिसायला मला तो उजेडात धरावा लागला.

"देव्हाऱ्यात असतोय," ती म्हणाली. "भूकंपात घर पडलं, तवा मालकांनी ढिगाऱ्यातनं आधी ह्योच हुडकला."

बिल्ला आपल्या फौजेचा नव्हता. समोरच्यांचा होता. मी तात्यांकडं बघितलं. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून काय ते कळलं आणि ते रस्त्याकडं बघायला लागले. इतकी वर्षं जी बाई त्याला कुंकू लावते, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी म्हणालो, "मावशी, लई चांगल्या तुकडीचा आहे. जपून ठेवा."

"आपल्या का त्यांच्या?"

बशीरभाईचं मशीन थांबलं.

"त्यांचाच हाय," तिनंच सांगितलं. "मालक सांगायचे ना. जखमी पोरगं व्हतं, मिसरूड बी न्हवतं फुटलं. रातभर तेला पाणी पाजलं. नाव सांगायच्या आत गेलं."

"मग मावशी, तुम्हाला सगळं माहीतच आहे. इतक्या लांब मला विचारायला कशाला आलात?"

तिनं बिल्ला माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि परत माझ्यासमोर धरला.

"ह्येच्यावरनं त्या पोराचं गाव कळतंय का, तेवढं बगा."