भिंतीकडचा कान

मुरबाडला माहेरी सात-आठ वर्षांची असताना मला गालगुंड झाले. आईने गेरूचा लेप थापला, फडक्याने जबडा बांधला. सूज उतरली आणि डाव्या कानाने ऐकू येणं पार बंद झालं. आई रोज लसणाचं कोमट तेल घालायची. उशी तेवढी तेलकट झाली.

मला बघायला शहापूरकडचे पाहुणे आले तेव्हा आईने पाट मुद्दाम भिंतीला लावला. बहिरा कान भिंतीकडे, चांगला पाहुण्यांकडे. वर दम दिला, "कुनाला बोललीस तर याद राख! मागं धाकटी हाय, तिला कोन करील?" मी पटापट उत्तरं दिली. लग्न ठरलं.

सासरी चूल नेमकी कोपऱ्यात. तिथे चांगला कान भिंतीकडे आणि बहिरा दाराकडे! सासूने दारातून हाक मारली की मला ती भिंतीकडूनच आल्यासारखी वाटायची. मी आपली भिंतीकडे वळून "ओ" द्यायची, म्हणजे सासूकडे पाठ. ती ओरडायची, "बघा गो हिचा तोरा! सासू दारात नि ही भिंतीला ओ देते." शेजारणी खो खो हसायच्या. असा संताप व्हायचा माझा! आग लागो त्या कोपऱ्याला. 'मला ऐकू येत नाय हो' हे अगदी ओठांवर यायचं, पण धाकटी डोळ्यांपुढे उभी राहायची. मुकाट्याने भाकरी थापायची.

अखेर धाकटीचं लग्न झालं. म्हटलं, सुटले बाई, आता सांगून टाकू. तोच माझ्या लेकीला गालगुंड झाले. माझं तर काळीजच फाटलं. सूज उतरल्यावर तिचा एक कान तळहाताने दाबून मी दुसऱ्यात कुजबुजले, "गूळ देऊ?" लढाईचे दिवस, गुळाची मारामार; ऐकू आलं तर पोरगी सोडायची नाही. मग कान बदलला. दोन्ही वेळा पोरगी "दे" म्हणाली. मी ढसाढसा रडले.

सासू दारातून बघत होती. ती जवळ आली, माझा उजवा कान हाताने दाबला आणि डाव्या कानाशी काहीतरी बोलली. मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने हात काढला.

"कवापास्नं?"

"लहानपनापास्नं."

ती खाली बसली. अंगणात नणंद भात पाखडत होती, तिच्याकडे बघत राहिली. मग उठून माझ्या उजव्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "कुनाला बोलू नको गो. माझी पोर लग्नाची हाय."