कच्चं बी

मावशी पाखरांना दाणे टाकत नसत, फेकून मारत. पदराचं पीठ झटकायचं, मूठ भरायची आणि समोर सात पिढ्यांचा भाऊबंद उभा असल्यासारखी भिरकावायची. वर, "गिळा मेल्यांनो." नवखा माणूस दळणाचा डबा टाकून पळे. पाखरू मात्र एक हलत नसे.

बेलापूरच्या अलीकडे आमचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला मावशींची पिठाची गिरणी, समोर माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे गावाची अर्धी भांडणं मला फुकटात ऐकू येत. उरलेली मावशी गिरणी बंद करून ऐकवत.

पाखरांचं खाणं म्हणजे भांगेचं बी. दचकू नका. संगमनेरला काष्ठौषधीवाल्याकडे ते पाखरांसाठी म्हणूनच मिळतं. त्यात नशा नसते, तेल असतं. थंडीत पाखराला ऊब. मावशी ते आधी कढईत भाजत, म्हणजे सांडलं तरी उगवायला नको. ते खाऊन आमच्या चिमण्या इतक्या माजल्या की मांजरं रस्ता बदलून जात. एका होल्याला तर उडताना धाप लागलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

भाद्रपदात मावशी मोतीबिंदू काढायला राहुरीला लेकीकडे गेल्या. जाताना शेजारच्या गुरुजींना पाखरांचं सांगून गेल्या. बी भाजायचं, हेही सांगितलं, मी ऐकलंय. पण गुरुजींचा जन्म दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करण्यात गेलेला. भाजल्यानं सत्त्व जातं, असं मलाच समजावून त्यांनी रोज कच्चं बी टाकलं. पाऊस होताच.

मावशी परतल्या तर गिरणीमागे मोरीच्या ओलीला हिरवीगार रोपं. नव्या डोळ्यांना तो झेंडू वाटला. अख्ख्या गावाला वाटला. मावशी पाणी घालू लागल्या. दसरा गेला, दिवाळी गेली, रोपं कमरेला लागली, फूल काही येईना. "निस्ती पानंच दावा, निर्लज्जांनो," म्हणून मावशी रोज त्यांचा उद्धार करत. मग कुणीतरी फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि पोलिसांची जीप आली.

गाव गोळा झालं. शिवरात्रीला भांगेचे तांबे रिचवणारे नाकाला रुमाल लावून पुढच्या रांगेत. हवालदारांनी विचारलं, हे पेरलं कुणी? गुरुजी आपल्या दारात उभे, चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा. मी तोंड उघडलं तोच मावशींनी माझा दंड आवळला.

"तू गप. त्याच्या पोरीचं लगीन तोंडावर आलंय. जीप त्याच्या दारी गेली तर पोरगी उजवायची ऱ्हाईल."

हे कानात. मग मोठ्यानं, "पाखरांनी पेरलं, साहेब. माज्या दारातलं हाय, मला न्या."

पोलीस ठाण्यात दिवसभर बसवून मावशींना संध्याकाळी सोडलं. पुन्हा एक दाणा दारात दिसला तर गिरणीला कुलूप, ही तंबी. दुसऱ्या सकाळी चिमण्या पत्र्यावर येऊन ओरडू लागल्या. मावशींनी दार लोटून घेतलं. आतून शिवीसुद्धा आली नाही.

लग्नाच्या पत्रिका गुरुजींनी माझ्याकडूनच छापून घेतल्या. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घरोघर दिल्या, गिरणी तेवढी गाळली. मी जाब विचारला. म्हणाले, "पाहुणे मोठे आहेत. ठाण्यात जाऊन आलेली बाई मांडवात बरी दिसत नाही." माझ्या हातात कागद कापायचं कटर होतं. ते मी खाली ठेवलं, एवढी एकच गोष्ट मी त्या माणसासाठी केली.

लग्नाला मी गेलो नाही. मावशींजवळ गिरणीच्या दारात उभा राहिलो. मांडवात अक्षता पडल्या आणि पत्र्यावरची सगळी उपाशी फौज तिकडे उतरली. एक चिमणी व्याह्यांच्या फेट्यातल्या अक्षता टिपत होती. गुरुजी उपरणं फिरवून हाकलत होते. आता सांगतो सगळ्यांना, मी म्हणालो.

"पोरीची गाडी वेशीभाईर जाऊ दे," मावशी म्हणाल्या.

गाडी गेली. वळून पाहिलं तर मावशी आत गिरणीचा पट्टा उतरवत होत्या. त्याच आठवड्यात राहुरीला गेल्या, कायमच्या.

मग मी सांगितलं. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, देवळाच्या पारावर. नाव घेऊन, घसा बसेपर्यंत सांगितलं. लोक मांडीवर थाप मारून म्हणाले, वा, ही तुझी आजवरची सगळ्यात भारी थाप.

सगळे हसले. गुरुजीही हसले.