ढलप्या कुठल्या अंगाला?

ती घटना मी विसरलो तरी घरचे विसरू देत नाहीत. मी भिंतीत खिळा ठोकायला उठलो की आमच्या सौ. विचारतात, "साहेब, कोणत्या अंगाने?"

तेव्हा मी पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. एका द्राक्ष पॅकहाऊसच्या स्टोअरमधून पाण्याच्या पंपाच्या दोन नव्या मोटारी चोरीला गेल्या. मागच्या लाकडी दाराला कडीशेजारी बोटभर भोक. पंचनाम्यात मी ठसठशीत लिहिलं : 'अज्ञात इसमाने बाहेरून भोक पाडून, तार घालून कडी काढली.'

तिसऱ्या दिवशी खबऱ्या आला. "साहेब, भोक मशीनचं नाय, गिरमिटाचं हाय. अन् हातानं फिरवायचं गिरमिट आता एकाच म्हाताऱ्या सुताराकडं उरलंय."

जीप गेली आणि सगळ्या गल्लीसमोर सुताराला घेऊन आली. हवालदारांनी दरडावलं, "हत्यार कुठंय?"

"घरी हायेत की. लय हायेत. वडलांपासूनची."

हवालदारांचे डोळे चमकले. मीही खुर्ची पुढे ओढली. सुतार रंध्यालाही हत्यार म्हणतो, हे डोक्यात शिरायला आम्हा दोघांना पाच मिनिटं लागली.

झडतीत गिरमिट मिळालं. मी जप्तीच्या यादीत 'जॅकचे हँडल' लिहू लागलो, तसा म्हातारा कळवळला. "जॅक नाय, साहेब! ही वरची लाकडी मूठ छातीनं दाबायची, मधला दांडा फिरवायचा. खाली जबड्यात चौकोनी बुडाचंच पातं बसतं. आताच्या मशीनचं गोल बूड घसरतं."

"मग ते पॅकहाऊसच्या दाराला कसं लागलं?"

"तिथं मांडण्या ठोकत हुतो. आठ दिस हे स्टोअरातच पडून हुतं, किल्ली स्टोअरकीपरकडं. चोरीच्या गोंधळात काम थांबलं, तवा घरी आणलं." मग त्यानेच मला विचारलं, "साहेब, ढलप्या कुठल्या अंगाला निघाल्यात?"

"म्हणजे?"

"पातं जिथून बाहेर पडतं तिथं लाकूड फाटतं. म्हणून टोक डोकावलं की आमी थांबतो अन् उरलेलं पलीकडून पाडतो. ढलप्या काढील तो सुतार कसला?"

दाराचा फोटो तीन दिवस माझ्याच टेबलावर होता. ढलप्या बाहेरच्या बाजूला होत्या. म्हणजे भोक आतून पाडलेलं! चोर आत आणि किल्ली त्याच्याच खिशात.

स्टोअरकीपरला बोलावलं. फोटो पुढे सरकवून सुताराचाच प्रश्न मी आपला म्हणून विचारला. त्याने आधी पाणी मागितलं, मग सगळं सांगितलं. मोटारी त्याच्या मेहुण्याच्या शेडमध्ये मिळाल्या.

मी सुताराला म्हटलं, "बाबा, जा आता घरी."

म्हातारा उठेना. "नेलं जीपमधून. आता पायी गेलो तर लोक म्हणतील, सुटून आला. मला कोण घरात घेईल कामाला? सोडा जीपनंच."

त्याला पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे बसलो. गल्लीत उतरून मोठ्याने सांगितलं, "चोर यांनी पकडून दिला." सबंध नोकरीत इतकं खरं बोलताना इतका ओशाळलो नव्हतो. गिरमिट पुराव्यात अडकलं होतं. कोर्टाचा हुकूम झाल्यावर तेही मीच नेऊन दिलं.

माणसाला आरोपी करण्याआधी त्याचा धंदा समजून घ्यावा, एवढं तरी तेव्हा शिकलो. आता निवृत्तीनंतर त्याच सुताराच्या अंगणात गिरमिट फिरवायला शिकतोय. मी जोरात येतो, टोक पलीकडे डोकावतं आणि म्हातारा ओरडतो, "थांबा, साहेब! आता पलीकडून बघा."