आक्काशी बोललेलं खोटं

माझी थोरली बहीण तिसगावला दिली होती. तिला मी आक्का म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. नगरला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. तिचा एकुलता एक मुलगा गवंडीकाम करायचा. तो रोज सकाळी मोटारसायकलवर डबा घेऊन यायचा आणि तसाच कामावर जायचा. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी करंजी घाटात त्याला मागून गाडीनं उडवलं. तो जागीच गेला.

अंत्यविधीला मी होते. आक्का नव्हती. डॉक्टर म्हणाले होते की हृदय कमजोर आहे, धक्का बसता कामा नये. म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. पोरगा सुरतेला सेंटरिंगच्या कामावर गेलाय, असं तिच्या पुतण्यानं सांगून टाकलं. तिला पटलं नाही. आई दवाखान्यात असताना तो सुरतेला जाणारा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिनं जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या बहिणीला बोलवा. ती खोटं बोलत न्हाई."

ते खरं होतं. माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या विहारात भन्तेजींकडून मी पंचशील घेतलं. बाकीची चार शीलं माझ्याकडून कमीजास्त पाळली गेली. ढेकूण मी मारले, उंदरांना औषध घातलं. पण खोटं बोलायचं नाही हे चौथं शील मी घट्ट धरलं. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. मला तोंड आवरायचंच नव्हतं, आणि शीलानं तशी मुभा दिली असं मी समजत होते. जावेच्या सुनेला पहिल्याच सणाला मी पंगतीत म्हणाले होते, "पोळी कच्ची हाय, पोट दुखंल सगळ्यांचं." ती घरात जाऊन रडली. मला वाटलं, खरं तेच बोलले. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथ वाचायला मीच बसायचे, कारण चौथी शिकलेली तेवढी मीच होते. वाणी खरी असावी, तशीच ती वेळेवर आणि मऊ असावी, हे मीच मोठ्यानं वाचून दाखवलेलं आहे. पण माझ्या कानात त्यातलं पहिलंच राहिलं.

पुतण्याचा फोन आला. "मावशी, तुमचंच ऐकंल ती. दोन शब्द बोला. पुढचं पुढं बघू."

मी यष्टीनं नगरला गेले. वाटेत ठरवलं होतं की खरं सांगायचं, डॉक्टर काहीही म्हणोत. खाटेजवळ गेले तर आक्काचं तोंड सुकून सुपारीएवढं झालेलं. तिनं माझं मनगट धरलं.

"पोरगं बरं हाय का?"

"बरं हाय," मी म्हणाले.

"तू बघितलंस?"

"बघितलं."

तिनं मनगट सोडलं. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला म्हणाली, "आता वाढा मला काय ते. ही माझी बहीण. तोंडानं लई वाईट हाय, पण खरी हाय." आणि वाटीभर खिचडी खाल्ली. मी समोर बसून बघत होते.

पुढं मी भन्तेजींना हे सांगितलं. ते म्हणाले, मन शुद्ध असेल तर दोष हलका होतो. मी म्हणाले, मन शुद्ध नव्हतं. मला तिचं रडणं बघायचं नव्हतं, म्हणून मी बोलले. 

बारा दिवसांनी तिला जीपनं घरी आणलं. सगळ्यांनी ठरवलं होतं की घरी दोन दिवस जाऊ द्यायचे आणि मग हळूहळू सांगायचं. पुण्यानुमोदनाच्या विधीला मांडलेला पोराचा फोटोसुद्धा पुतण्यानं आपल्या घरी नेऊन ठेवला. पण आक्काची सून दारात उभी होती आणि तिचं कपाळ मोकळं होतं. नवरा गेला म्हणून कुंकू पुसायचं नाही, असं विहारात सांगतात. तरी बाया पुसतातच. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आक्कानं सुनेकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली. "तुला इचारलं हुतं मी," एवढंच म्हणाली.

मी तिथं आठ दिवस राहिले. तिला उठता येत नव्हतं, सगळं खाटेवरच करावं लागायचं. ती सुनेशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, माझ्याशी नाही. ती रडलीही नाही. एक शेजारीण समजूत घालायला बसली. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, असं तथागतांनी एका आईला सांगितलं होतं, ती गोष्ट तिनं काढली.

"ठाव हाय," आक्का म्हणाली. "त्या बाईनं निदान मेलेलं पोर कडंवर घेऊन गाव पालथं घातलं. मला माझं दावलंसुदिक न्हाई."

शेजारीण उठून गेली.

नवव्या दिवशी मी पिशवी भरत होते. आक्का भिंतीकडं बघत म्हणाली, "बस. आता समदं सांग."

मी बसले.

"अंगावर काय हुतं?"

"निळा शर्ट. एक बाही फाटली हुती."

"कुठं लागलं?"

"डोक्याला, मागून. तोंड चांगलं हुतं."

"अंघूळ कुनी घातली?"

"पुतण्यानं, आन दोघातिघांनी. पानी मी तापवलं."

"निघाला कुठं हुता?"

मी थांबले. 

"नगरला. तुझ्याकडं."

"हातात?"

"डबा. भाकर आन शेपूची भाजी."

शेपू तिनंच अपघाताच्या आदल्या दिवशी मागितला होता.  मग तिनं सुनेला हाक मारली आणि माझ्यासमोरच विचारायला लागली.

"शर्ट कंचा घातला हुता त्यानं?"

"निळा, आत्या."

"तोंडाला लागलं हुतं?"

"न्हाई. तोंड चांगलं हुतं."

"डब्यात काय दिलं हुतंस?"

सून माझ्याकडं बघायला लागली. "तिच्याकडं नको बघू," आक्का म्हणाली. "मला सांग."

"शेपू," सून म्हणाली.

सगळं जुळलं, तेव्हा आक्का रडली. सुनेचा पदर तोंडात धरून, हुंदका आवरत. खाटेच्या कडेला मी बसले होते. माझ्याकडं तिनं हात केला नाही. खाटेखालचं लघवीचं भांडं भरलेलं होतं. ते मी उचललं आणि रिकामं करायला बाहेर गेले.