लाँग ग्राउंडमधली पायवाट

एकाच थंडगार हॉलमध्ये, त्याच तीन माणसांबरोबर, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वर्षानुवर्षं बसलं की किस्से साठतातच. मुद्दाम कोणी साठवत नाही. पेशंटच्या फाइलमध्ये कागद वाढत जातात तसे ते वाढत जातात, आणि एक दिवस लक्षात येतं की फाइल आता बंद होत नाहीये!

हे सगळं ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या एका खेड्यातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझी पेशंट आहेत. मी तिथे एक्क्याऐंशी साली जीपी, म्हणजे गावची डॉक्टर, म्हणून आले. नवरा ब्रिस्टलला इंजिनियर, मुलगी रेवा तेव्हा पाच वर्षांची. गावात भात खाणारं घर आमचं एकटंच.

*

आल्यावर सहा महिन्यांनी मी फ्लूच्या इंजेक्शनांबद्दल चार शब्द सांगायला व्हिलेज हॉलमध्ये गेले. वार चुकला. आत तीन माणसं एका मोठ्या नकाशाभोवती बसली होती. हा पॅरिशचा लोकल हिस्टरी ग्रुप. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि त्याचं सगळं शिवार.

तिघांची ओळख करून देते. मिस्टर विल्मॉट हे भूगोलाचे रिटायर्ड मास्तर आणि ग्रुपचे चेअरमन. जोन चहा करायची आणि बैठकीचे मिनिट्स लिहायची. तिसऱ्या एडिथ टकर, ज्यांनी गावचं पोस्ट ऑफिस तीस वर्षं चालवलं. आमच्या घरात त्यांना एडिथबाईच म्हणायचे.

"चुकून आले" असं मी सांगणार, तेवढ्यात जोननं हातात कप दिला. एडिथबाईंनी खुर्ची सरकवली. मिस्टर विल्मॉट म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला उत्तरेकडची शेतं दिली तर चालतील?"

नाही म्हणणं बरं दिसेना. म्हटलं, चहा संपला की निघू. तो चहा संपायला पंधरा वर्षं लागली!

*

शेतं दिली म्हणजे काय, तर शेतांची नावं गोळा करायची. आमच्या मामाच्या गावीही कऱ्हाडजवळ प्रत्येक तुकड्याला नाव होतं, त्यामुळे मला हे काम लगेच कळलं. इथे अगदी टिचभर शेताचं नाव 'हंड्रेड एकर'. का? मिस्टर विल्मॉट गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे विनोद असाच करतात. नांगरत बसल्यावर करायला दुसरं काही नसतं."

उत्तरेकडची सगळी शेतं वॉल्टर बील या शेतकऱ्याची. लग्न केलेलं नव्हतं, एकटे राहायचे, आणि बोलणं म्हणाल तर शून्य. मिस्टर विल्मॉट दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. वॉल्टरचं उत्तर एकच, "नकाशात असतील की."

त्यांचं बीपी वाढलेलं, म्हणून मी घरी जायची. पहिल्यांदा मी दुपारी एकची वेळ सुचवली. "एक नको," ते म्हणाले. "एकला काम असतं." बरं, अकरा. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आणि हळूच विचारलं, "चर्चकडे जाणाऱ्या त्या लांब शेताला काय म्हणतात?"

"लाँग ग्राउंड."

"आणि त्याच्या खालचं?"

असं करत एका बैठकीत अकरा नावं निघाली. मी चकित! शेवटी वॉल्टर म्हणाले, "तुम्ही हात बांधून ठेवलाय. पळणार कुठे?"

*

दर वसंतात पॅरिशच्या हद्दीवरून चालत जायची इथली जुनी चाल आहे. गावाची सीमा पायांना माहीत असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. पुढे मिस्टर विल्मॉट काठी घेऊन, मागे आम्ही.

एका वर्षी हद्द एका नव्या बंगलोच्या मधोमध निघाली. त्यांनी बेल वाजवली, टोपी काढली आणि म्हणाले, "पॅरिशची हद्द तुमच्या बेडरूममधून जाते. येऊ का?"

दुसऱ्या कुठल्याही देशात दार तोंडावर आपटलं असतं. त्या बाई म्हणाल्या, "पलंग आवरलेला नाही. दहा मिनिटं द्याल?" आम्ही दहा मिनिटं पावसात उभे!

आत गेल्यावर मिस्टर विल्मॉटनी होकायंत्र काढलं. हद्द पलंगाच्या बरोबर मधून जात होती. बाईंच्या नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे मी या पॅरिशमध्ये झोपतो आणि ही शेजारच्या?"

"होय."

"तरीच आमचं लग्न टिकलं!"

हसत बाहेर पडलो खरे, पण मला मनातून या माणसांचं नवल वाटत होतं. विचारल्याशिवाय हे पाऊल टाकत नाहीत. आणि मी पडले घाईची बाई.

*

आता वाटेबद्दल सांगते. चर्च आणि त्याची दफनभूमी टेकडीवर, गाव खाली. गाडीरस्ता मैलभर वळसा घालून जातो. पायवाट मात्र वॉल्टरच्या लाँग ग्राउंडमधून सरळ वर, दहा मिनिटांची. सगळं गाव तिनंच जायचं. वॉल्टर बहुतेक वेळा गेटाशी उभे असायचे. जाणारा विचारायचा, "जाऊ ना, वॉल्टर?" ते नुसती मान हलवायचे आणि माणूस पुढे जायचा.

मी कधीच विचारलं नाही. चर्चपलीकडच्या घरांत कोणाला दम लागलेला, कोणाच्या छातीत दुखतंय. मी बॅग घेऊन तरातरा निघायची, जाता जाता हात हलवायची. हे चुकतंय याचा मला पत्ताच नव्हता.

आठ वर्षांनी जोन एकदा मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही विचारत नाही, याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही हं, डॉक्टर." म्हणजे सगळ्यांचं म्हणणं होतं! आठ वर्षं सगळ्या गावात माझी चर्चा, आणि मी कानाला स्टेथोस्कोप लावून बहिरी.

घरी आले तर रेवानंही तेच ऐकवलं. "आई, तू आस्क नाही केला? एवढे वर्ष? दॅट्स सो रूड! इव्हन मी विचारते."

लाजेनं कानकोंडी झाले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेटाशी थांबून वॉल्टरना सॉरी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

*

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत वॉल्टर गेले. बीपी नाही, न्यूमोनिया. त्यांची पेटी सहा जणांनी खांद्यावरून त्याच वाटेनं वर नेली. चिखल इतका की मिस्टर विल्मॉट पुढे जाऊन काठीनं जागा दाखवत होते. एडिथबाई सगळ्यांच्या मागे, अंतर ठेवून.

शेत पुतण्याला मिळालं. निकलस त्याचं नाव, रेडिंगहून आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मेंढ्या हव्या होत्या आणि माणसं नको होती. उन्हाळ्यात लाँग ग्राउंडला तारेचं कुंपण आलं, गेटाला कुलूप लागलं, वर 'प्रायव्हेट'ची पाटी.

इतरांची गैरसोय झाली, ते गाडीनं जाऊ लागले. एडिथबाईंकडे गाडी नव्हती. वय अठ्ठ्याहत्तर, उजवा खुबा कामातून गेलेला. त्या पोस्ट ऑफिसच्या दिवसांपासून रोज दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत, आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला जायच्या. रिटायर झाल्यावरही वेळ बदलली नाही. आता त्या गाडीरस्त्यानं जाऊ लागल्या. त्या रस्त्याला फुटपाथ नाही आणि खाणीचे ट्रक सुसाट.

फुलांच्या आता दोन जुड्या असायच्या. सगळं काही विचारून करणारं आमचं गाव, पण याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये व्हायचं ते झालं. ट्रक घासून गेला आणि एडिथबाई खड्ड्यात पडल्या. मी पोचले तेव्हा मनगट सुजलेलं, चेहऱ्यावर चिखल, आणि दुसऱ्या हातात फुलं तशीच घट्ट. म्हणाल्या, "डॉक्टर, हे मनगटाचं लवकर उरकाल का? वर जायचंय मला."

मनगट बांधलं. गाडीनं त्यांना वर नेलं, मग घरी सोडलं. आणि नंतर गाडी बाजूला घेऊन रडले. या बाईला पुढच्या खेपेला मी खड्ड्यातून जिवंत काढीनच, याची खात्री नव्हती.

*

मिस्टर विल्मॉटनी कायदा शोधला. ही वाट कौन्सिलच्या नकाशावर नव्हतीच. पण लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं उघडपणे, जबरदस्ती न करता आणि परवानगी न मागता जात असतील, तर ती वाट सार्वजनिक ठरते. साक्षीचे फॉर्म मागवले. गावातल्या एकतीस जणांनी उत्साहानं भरले. चहाबरोबर आम्ही ते वाचायला घेतले.

प्रश्न होता: 'तुम्ही मालकाची परवानगी कधी मागितली होती का?'

पहिला फॉर्म: 'हो, नेहमीच.' दुसरा: 'अर्थातच!' तिसऱ्यानं तर खाली रेघ मारली होती: 'दर वेळी, आणि ते मान हलवून हो म्हणायचे.'

हात दाखवून अवलक्षण! मालकानं परवानगी दिली, म्हणजे वाट मालकाची. मिस्टर विल्मॉटचा चेहरा उतरत गेला. तीस सज्जन माणसांनी आपल्या सज्जनपणानं केस बुडवली होती. 'कधीच नाही' असं लिहिलेला फॉर्म एकच. माझा!

"डॉक्टर," मिस्टर विल्मॉट म्हणाले, "गावात एक तरी उद्धट माणूस आहे, देवाची कृपा."

पण मला गावात येऊन पुरती वीस वर्षं कुठे झाली होती? माझ्या उद्धटपणाची मुदतच कमी पडली.

जोन हळूच म्हणाली, "लोकांना पुन्हा नीट आठवायला सांगितलं तर?" मिस्टर विल्मॉटनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं फॉर्म गोळा केले आणि होते तसेच पाकिटात घातले.

एडिथबाईंचा फॉर्म त्यात नव्हता. "मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. "समोर सांगेन."

मला धडकीच भरली. त्या खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. आणि खरं काय, हेही.

*

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात सुनावणी झाली, आमच्याच हॉलमध्ये. टेबलामागे निकाल देणारा सरकारचा इन्स्पेक्टर, डाव्या बाजूला निकलस आणि त्याचा बॅरिस्टर, समोर अख्खं गाव. निकलसनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो कोणाकडे बघत नव्हता.

बॅरिस्टर गोड बोलणारा होता. प्रत्येक साक्षीदाराला तो एकच गोष्ट विचारायचा. "तुम्ही मिस्टर बीलना विचारायचात?" "हो." "आणि ते मान हलवायचे?" "नेहमी." "थँक यू." झालं! एकामागून एक माणसं उठत होती, खरं बोलत होती आणि वाट थोडी थोडी हातातून जात होती. माझी पाळी आली तेव्हा त्यानं फक्त मी गावात कधी आले ते विचारलं आणि तो खाली बसला.

शेवटी एडिथबाई. नेव्ही ब्लू कोट, तीच हॅट, हातात काठी. इन्स्पेक्टरनं बसायला सांगितलं, त्या उभ्याच राहिल्या.

बॅरिस्टर म्हणाला, "मिस टकर, या वाटेनं तुम्ही किती वर्षं गेलात?"

"एकेचाळीस. रविवार सोडून रोज. रविवारी सगळेच जातात."

"आणि मिस्टर बीलना विचारून जायचात?"

नाही म्हणा, मी मनात म्हणत होते, एवढं एकदा नाही म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.

"रोज विचारायची," एडिथबाई म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं. एकही दिवस चुकवला नाही."

जोननं डोळे मिटले. बॅरिस्टरनं कागद गोळा करायला सुरुवात केली. "थँक यू, मिस टकर. आणि तेही मान हलवायचे."

"नाही," एडिथबाई म्हणाल्या. "तो बोलायचा."

इन्स्पेक्टरनं वर बघितलं. "काय बोलायचे?"

"म्हणायचा, 'मला काय विचारतेस, एडिथ? वाट काय माझी आहे? ती सगळ्यांचीच आहे.' रोज हेच."

मिस्टर विल्मॉटनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "मालकाच्या तोंडचं," ते कुजबुजले. "खुद्द मालकाच्या तोंडचं!" इन्स्पेक्टरनं पेन उचललं. "पुन्हा एकदा सांगाल, मिस टकर? सावकाश." एडिथबाईंनी पुन्हा सांगितलं. त्यानं शब्द न् शब्द उतरवून घेतला.

बॅरिस्टरचा गोडवा आता संपला होता. "मिस टकर, वाट सगळ्यांची आहे, असं मिस्टर बीलनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणता. मग पुढे एकेचाळीस वर्षं तुम्ही तेच का विचारत राहिलात?"

एडिथबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याच्याकडे बघितलंच नाही. खिडकीतून टेकडी दिसत होती, तिकडे बघत होत्या.

"कारण मला तो उत्तर द्यायचा," त्या म्हणाल्या.