कपाटामागची भिंत

बाळांनो, दिवाळीत तुम्ही मुलुंडला येणार, म्हणून हे आधीच कबूल करते. मागच्या खेपेला मी तुमच्यासाठी घर रंगवून घेतलं आणि ऑइलपेंटच्या वासाने तुम्हांला शिंका सुरू झाल्या. आठही रात्री तुम्ही समोरच्या आजींकडे झोपलात. त्यांच्याकडे चुन्याच्या भिंती, वेताच्या खुर्च्या, खादीचे पडदे. "इथे कसं छान वाटतं!" हे तुमचं वाक्य मी दारात उभी राहून ऐकलं. हसले, पण आतून जळत होते.

तुम्ही गेल्यावर मीही चुना लावायचं ठरवलं. समोरच्या आजींना मात्र काही विचारायचं नाही, हेही ठरवलं. रंगारी म्हणाला, "आजी, आधी जुना रंग खरवडायला लागेल."

"लाव रे तू तसाच," मी म्हटलं. मला घाई झाली होती.

ऑइलपेंटवर चुना धरत नाही. आठवड्याभरात पापुद्रे सुटून उशांवर पडू लागले.

समोरच्या आजींनी येऊन भिंतीवर बोट फिरवलं. "अगं, मला विचारायचंस ना! असू दे, नातवंडं झोपतील माझ्याकडे."

"मुळीच नाही," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी सगळ्या भिंती तपासल्या. झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट आजवर कोणी हलवलं नव्हतं, त्यामुळे त्यामागे ऑइलपेंट कधी पोचलाच नव्हता; तिथे घर बांधतानाचा जुना चुनाच होता. आता ते कपाट मी दुसऱ्या खोलीत नेलं आहे आणि तिथे तुमच्या दोन गाद्या मावतात. त्या एका भिंतीवरचा चुना अजून टिकून आहे.