टाके घातले आणि बायका बोलत्या झाल्या

ठाण्याला आमच्या बुधवारच्या ओपीडीत किस्से उशिरा साठतात, पण साठतात फार! बाळंतपणात शौचाच्या जागेचा स्नायू फाटलेल्या बायका इथे येतात. शौच आवरत नाही, एवढं सांगायलाच वर्षं घेतात. एकदा टाके घालून स्नायू सांधला, की मात्र अशा बोलत सुटतात की मला, म्हणजे इथल्या सिस्टरला, डबा उघडायला वेळ मिळत नाही.

*

विठ्ठलवाडीची वंदना पहिल्यांदा आली ती मान खाली घालूनच. "पोट जरा बिघडलंय."

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कधीपासून?"

"मुलगी आता सातवीत आहे."

मॅडम लिहायच्या थांबल्या. बारा वर्षं ही पर्समध्ये जादा कपडे घेऊन फिरत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मला तर रडूच आलं.

*

स्नायू आवळायचा एक व्यायाम असतो. कळव्याची एक बँकेतली पेशंट तो चक्क काउंटरवर बसून करायची. मी विचारलं, "अगं, लोकांसमोर जमतं कसं?"

"कस्टमर ओरडायला लागला की मी आवळते, दहा मोजते, सोडते. मॅनेजर म्हणतात, हल्ली तुमचा पेशन्स फार वाढलाय."

*

सगळं शंभर टक्के सुधारेलच असं नाही, हे आम्ही आधीच सांगतो. डोंबिवलीच्या एक शिक्षिका ऑपरेशननंतर दाखवायला आल्या. म्हणाल्या, "संडासचं टेन्शन गेलं. गॅस मात्र कधीकधी ऐकत नाही."

"त्याचा त्रास होतो?"

"छे हो. गॅस आमच्या ह्यांनाही आवरत नाही, आणि त्यांचं काही बाळंतपण झालेलं नाही."

*

वंदनाचं ऑपरेशन झकास झालं. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा सोबत सासूबाई होत्या, त्याही तणतणत.

"सिस्टर, हिला काय औषध दिलंत? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एक उपास चुकवायची नाही. लग्नाला जायचं तरी हिचा उपास. मी चाळभर सांगायचे, सून देवाची फार करते. आता सगळं सोडलंन. परवा भाचीच्या लग्नात पंगतीत मधोमध बसून तीनदा श्रीखंड घेतलं!"

वंदना मनापासून हसली. मग सासूचा हात धरून तिनेच सगळं सांगितलं. "आई, ते उपास देवाचे नव्हते. बाहेर जायचं असलं की मी काही खायचेच नाही. पोट रिकामं असलं की कपडे खराब व्हायची भीती नसायची."

मला वाटलं, आता सासूबाई भडकणार. त्या उठल्या, दार लोटून आल्या आणि खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढून बसल्या.

"सिस्टर, माझाही केसपेपर काढा. माझे गुरुवार पस्तीस वर्षांचे आहेत."